दोन वर्षांची चाचणी, चाळीस वर्षांचा आजार

शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात रोगप्रतिकार यंत्रणेवर माझे व्याख्यान होते. ते संपल्यावर चहाच्या वेळी एक शिक्षिका भेटल्या. त्यांच्या नणंदेला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाल्याचे नुकतेच निदान झाले होते. वय एकतीस, पदरात तीन वर्षांची मुलगी. डॉक्टरांनी एक औषध सुचवले होते. ते महाग होते, इंजेक्शनने घ्यायचे होते आणि मध्ये खंड पडू द्यायचा नव्हता.

"मॅडम, या औषधाची चाचणी किती वर्षं झाली असं मी विचारलं, तर दोन वर्षं म्हणाले. ती तर अजून चाळीस वर्षं जगायची आहे. मग दोन वर्षांवरून चाळीस वर्षांचं कसं कळायचं?"

मी काहीतरी उत्तर दिले. तेवढ्यात पुढच्या सत्राची घंटा झाली आणि आमचे बोलणे तिथेच राहिले. नंतर विचार करताना लक्षात आले, की बाईंनी नेमक्या अवघड जागी बोट ठेवले होते. या आजारावरच्या संशोधनातला सर्वांत कठीण प्रश्न तोच आहे, आणि तो समजून घ्यायला वैद्यकशास्त्रापेक्षा शाळेचे गणित जास्त उपयोगी पडते.

आधी आजाराविषयी थोडे. चेतापेशीची आकृती आपण मुलांकडून नेहमी काढून घेतो. लांबलचक अक्षतंतू आणि त्याभोवती मण्यांसारखे ओवलेले तुकडे. हे तुकडे म्हणजे मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण. 'विजेच्या तारेवर जसे प्लास्टिक, तसे हे' असे आपण सांगून मोकळे होतो. ही उपमा अर्धीच खरी आहे. तारेवरचे प्लास्टिक सोलले तरी तारेतून वीज जायची थांबत नाही. मायलिन सोलले तर मात्र संदेश मंदावतो, कधी वाटेतच विरतो. कारण अक्षतंतूतला संदेश सलग वाहत नसतो. दोन तुकड्यांमधल्या उघड्या फटीत तो प्रत्येक वेळी नव्याने तयार होतो. आवरणामुळे मधले अंतर ओलांडून तो एका फटीतून थेट पुढच्या फटीत पोचतो. फास्ट लोकल मोजकीच स्टेशने घेते म्हणून लवकर पोचते, तसेच हे. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तो सेकंदाला मीटरभर जातो.

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराचीच प्रतिकारयंत्रणा मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्याकडे जाणाऱ्या चेतेतल्या मायलिनवर हल्ला करते. हल्ल्याच्या जागी कठीण वण राहतात. स्क्लेरॉसिस म्हणजे असे कठीण होणे, आणि ते अनेक ठिकाणी होते म्हणून मल्टिपल. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले नीट वर्णन केले. आज जगात सुमारे २८ लाख लोकांना तो आहे, असा २०२० सालचा अंदाज आहे. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो. भारतात तो होत नाही असा एके काळी समज होता. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मात्र पारशी समाजात तो चांगलाच आढळला.

सुरुवातीला शंभरातल्या सुमारे ८५ जणांत हा आजार अधूनमधून उचल खातो. एका डोळ्याने अंधुक दिसते, किंवा पाय बधिर होतो, किंवा तोल जातो. काही आठवड्यांत ते बरेचसे ओसरते. मग महिनोन्महिने काही नाही, आणि पुन्हा उचल. बऱ्याच वर्षांनी अनेकांत दुसरा टप्पा येतो. उचल वेगळी अशी दिसत नाही, पण चालणे हळूहळू अवघड होत जाते. आधी काठी, मग चाकाची खुर्ची. दोन वर्षांत मोजता येतात त्या उचली. रुग्णाला आणि घरच्यांना जाणून घ्यायचे असते ते वीस वर्षांनंतरच्या काठीबद्दल. या दोहोंतल्या अंतराबद्दलच पुढचे सगळे विवेचन आहे.

औषध आले कुठून?

कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे. डेव्हिड सेंपल यांनी ती १९११ मध्ये कसौलीच्या संस्थेत तयार केली आणि भारतात तिचे उत्पादन थेट २००४ पर्यंत चालू राहिले. पाश्चर यांची १८८५ ची मूळ लसही सशाच्या मज्जारज्जूपासूनच केलेली होती. अशा लशी घेतलेल्यांपैकी थोड्या लोकांना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लुळेपणा येई, आणि तो रेबीजचा नसे. मग कशाचा?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावायचे ठरवले. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूची इंजेक्शने पुन्हा पुन्हा दिली. विषाणूचा संबंधच नव्हता. तरी काही माकडांना लुळेपणा आला आणि त्यांच्या मेंदूत मायलिन नाहीसे झालेले पट्टे सापडले. हे निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या मेंदूविरुद्ध चेतवलेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या मेंदूवर उलटली होती. मल्टिपल स्क्लेरॉसिसशी बरेच साम्य असलेला आजार आता प्रयोगशाळेत हुकमी निर्माण करता येऊ लागला.

इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत १९६० च्या दशकात मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम हाच आजार अभ्यासत होते. मायलिनमधल्या एका प्रथिनामुळे तो होतो हे कळले होते. त्या प्रथिनाची साधी नक्कल करून आजार निर्माण होतो का, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून त्यांनी ग्लुटामिक आम्ल, लायसिन, ॲलानिन आणि टायरोसिन या चारच अमिनो आम्लांच्या साखळ्या बनवल्या. साखळीतला क्रमसुद्धा ठरलेला नव्हता. गिनीपिगना त्या टोचल्या, पण आजार काही होईना. इथे कोणीही प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. यांनी उलटे करून पाहिले. ज्या प्राण्यांत आजार निर्माण करायचा त्यांना या साखळ्याही दिल्या, तर आजार दबला! हे १९७१ मध्ये छापून आले. ग्लॅटिरामर ॲसिटेट नावाने ओळखले जाणारे औषध ते हेच. प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशींना ते आक्रमक वळणावरून शांत करणाऱ्या वळणावर नेते, असे आज मानले जाते. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती १९९६ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

प्राण्यात चालले म्हणजे माणसात चालेल असे मात्र समजू नये. गॅमा इंटरफेरॉन हा पदार्थ उपयोगी पडेल अशा आशेने १८ रुग्णांना देण्यात आला, तेव्हा त्यातल्या सात जणांचा आजार उसळला. तो प्रयोग तिथेच थांबला. त्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की त्याच कुळातला बीटा इंटरफेरॉन पुढे या आजारावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरला. तो १९९३ मध्ये बाजारात आला.

दोन वर्षांचा हिशेब

ग्लॅटिरामरची पहिली महत्त्वाची चाचणी न्यूयॉर्कमध्ये मरे बोर्नस्टीन यांनी केली. ५० रुग्ण होते. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषध नसलेले, पण तसेच दिसणारे इंजेक्शन. यालाच प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. दोन वर्षांत प्लासिबो गटात ६२ उचली झाल्या, औषधाच्या गटात १६. हे १९८७ चे आकडे वाचून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला.

पुढची चाचणी २५१ रुग्णांवर झाली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत दर रुग्णामागे सरासरी उचली प्लासिबो गटात १.६८ आणि औषधाच्या गटात १.१९. फरक ०.४९, त्याला १.६८ ने भागले की २९ टक्के येतात. लहान चाचणीतला डोळे दिपवणारा फरक मोठ्या चाचणीत असा जमिनीवर आला. हे संशोधनात इतक्या वेळा घडते, की पन्नास जणांवरच्या चमत्काराची बातमी वाचली तर मी पुढच्या चाचणीची वाट पाहते.

याच चाचणीत आणखी एक आकडा आहे आणि वर्गात तो जरूर सांगावा. चाचणीत येण्यापूर्वीच्या दोन वर्षांत दोन्ही गटांतल्या रुग्णांना सरासरी २.९ उचली झाल्या होत्या. म्हणजे ज्यांना औषध मिळालेच नाही त्यांच्या उचलीही २.९ वरून १.६८ वर आल्या, ४२ टक्क्यांनी कमी! असे का व्हावे? ताप चढला की आपण दवाखान्यात जातो, आणि चढलेला ताप बहुधा उतरणारच असतो. तसेच इथे. आजार जोरात असतानाच रुग्ण चाचणीत दाखल होतो, कारण अलीकडे उचली झालेल्यांनाच त्यात घेतात. पुढचा काळ आपोआप थोडा बरा जातो. प्लासिबो गट नसता, तर 'औषधाने उचली २.९ वरून १.१९ वर आणल्या' अशी ५९ टक्क्यांची जाहिरात करता आली असती. गावोगावच्या कितीतरी जालीम उपायांची कीर्ती अशीच झालेली असते.

पंधरा वर्षांचा हिशेब

मग प्लासिबो गट वीस वर्षे चालू ठेवावा का? ते करता येत नाही. उपयोगी औषध समोर असताना माणसांना वर्षानुवर्षे पाणी टोचत राहणे अन्यायाचे आहे. त्यामुळे चाचणी संपली की प्लासिबोवाल्यांनाही औषध दिले जाते. त्याच क्षणी तुलना करायला कोणी उरत नाही. उरतो तो फक्त पाठपुरावा.

ग्लॅटिरामरच्या त्या चाचणीतल्या रुग्णांचा असा पाठपुरावा झाला. पंधरा वर्षांचा अहवाल २०१० मध्ये आला. औषध निदान एकदा घेतलेले २३२ जण होते. त्यांपैकी १०० जण तेव्हाही ते घेत होते. या शंभरांपैकी ८२ टक्के लोक काठीशिवाय चालत होते, आणि आजार होऊन तर सरासरी बावीस वर्षे झालेली होती. वाचून बरे वाटते ना?

आता शाळेत या. एका शाळेत पाचवीत १०० मुले होती. दहावीला ४० बसली आणि ३६ पास झाली. फळ्यावर लागते: निकाल ९० टक्के. गळालेल्या साठांचे काय झाले, हे फळा सांगत नाही. कच्च्या मुलांना नववीतच सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून निकाल उंच ठेवणाऱ्या शाळा आपल्याला माहीत आहेत. औषधाच्या पाठपुराव्यात कोणी मुद्दाम गाळत नाही. ज्यांना गुण येत नाही ते आपणच सोडून जातात. काही त्रासामुळे सोडतात, काही बदली होऊन दुसऱ्या गावी जातात, काही कंटाळतात.

इथे गळालेले १३२ आहेत. त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही असे धरू आणि दोन टोके काढू. ते सगळे काठीवर आले असतील, तर काठीशिवाय चालणारे २३२ पैकी ८२, म्हणजे ३५ टक्के. सगळे ठणठणीत असतील, तर २३२ पैकी २१४, म्हणजे ९२ टक्के. ३५ ते ९२! एवढ्या मोठ्या अंतरात कुठेही सत्य असू शकते. अगदी अंधार नव्हता म्हणा. दहाव्या वर्षी गळालेल्यांपैकी ५० जणांना पुन्हा बोलावून तपासले होते आणि त्यांची स्थिती औषध चालू ठेवणाऱ्यांपेक्षा वाईट होती. पण औषध सोडल्यामुळे ती बिघडली, की बिघडत होती म्हणून त्यांनी औषध सोडले? ते या आकड्यांतून कळत नाही. संशोधकांनी दोन्ही संख्या उघडपणे छापल्या म्हणून आपल्याला ही भागाकाराची कसरत तरी करता आली.

एकवीस वर्षांनी सर्वांना शोधताना

बीटा इंटरफेरॉनच्या पहिल्या चाचणीत ३७२ रुग्ण होते. तीन गट होते: प्लासिबो, थोडी मात्रा, जास्त मात्रा. चाचणी १९८८ मध्ये सुरू झाली. एकवीस वर्षांनी संशोधकांनी ठरवले, की औषध कोण घेते आहे हे विचारायचेच नाही. मूळ यादीतल्या प्रत्येकाचा फक्त पत्ता लावायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: हयात आहे की नाही? ३७२ पैकी ३६६ जणांची माहिती मिळाली. त्यांपैकी ८१ जण वारले होते.

मघाचीच कसरत पुन्हा करा. न सापडलेले सहाही जण जिवंत असतील तर मृत्यू ३७२ पैकी ८१, म्हणजे २१.८ टक्के. सहाही वारले असतील तर ८७, म्हणजे २३.४. अंतर दीड टक्क्याच्या आसपास. १३२ लोक हरवणे आणि सहा हरवणे यांत एवढा फरक पडतो.

सुरुवातीपासून जास्त मात्रा मिळालेल्या गटात मृत्यूचा वेग प्लासिबो गटापेक्षा सुमारे ४७ टक्क्यांनी कमी निघाला. हा अहवाल २०१२ चा. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की चाचणी संपल्यावर प्लासिबोवाल्यांनाही औषध उपलब्ध झाले होते. दोन गटांतला फरक होता तो फार तर पाच वर्षे आधी सुरुवात करण्याचा. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले होते आणि एकवीस वर्षांनीही ते मोडले नाहीत. तरी ८१ ही संख्या लहान आहे, मधल्या वर्षांत कोणी कोणते औषध घेतले याची नीट नोंद नाही, आणि खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हेही ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून वेगळेच उत्तर आले. तिथल्या दवाखान्यांच्या जुन्या नोंदींतून बीटा इंटरफेरॉन घेतलेल्या ८६८ रुग्णांची तुलना त्याच काळातल्या औषध न घेतलेल्या ८२९ आणि औषध येण्यापूर्वीच्या ९५९ रुग्णांशी केली गेली. काठी लागण्याची वेळ औषधामुळे लांबली, असे काही दिसले नाही.

खरे कोणाचे? कॅनडात चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. ज्यांचा आजार जोरात होता त्यांनाच डॉक्टरांनी औषध दिले असणार, आणि ज्यांचा सौम्य होता ते औषधाशिवाय राहिले असणार. शिकवणी लावलेल्या मुलांचे गुण न लावलेल्यांइतकेच आले, तर शिकवणी निरुपयोगी ठरते का? ती कच्च्या मुलांनीच लावली असेल तर तसे म्हणता येत नाही. संशोधकांनी असे फरक गणिताने वजा करण्याचा प्रयत्न केला होता, पण जे नोंदलेच नाही ते वजा करता येत नाही. शिवाय एकीकडे मृत्यू मोजले आणि दुसरीकडे काठी. दोन्ही अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. माझा कौल पहिल्याकडे झुकतो, पण पूर्ण नाही.

चाचणीनंतर उघड होणारा धोका

दीर्घकाळ पाहण्याचे दुसरे कारण म्हणजे अपाय. नॅटॅलिझुमॅब हे औषध पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू देत नाही. दोन वर्षांच्या चाचणीत उचली ६८ टक्क्यांनी कमी झाल्या. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ते मागे घ्यावे लागले. काही रुग्णांना जेसी नावाच्या विषाणूमुळे मेंदूचा प्राणघातक आजार झाला होता. हा विषाणू पुष्कळ लोकांच्या शरीरात निमूट पडून असतो. मेंदूतला पहारा उठला की तो डोके वर काढतो. पुढे कळले, की औषध दोन वर्षांहून अधिक घेतल्यावर हा धोका वाढतो. २००६ मध्ये औषध परत आले, पण कडक देखरेखीसह. आता रक्ततपासणीने या विषाणूची लागण पाहूनच ते द्यायचे की नाही हे ठरवतात.

त्यानंतर बरीच औषधे आली. पहिली गोळी २०१० मध्ये आली. २०१७ मध्ये बी-पेशींवर काम करणारे ऑक्रेलिझुमॅब आले. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारावर मान्यता मिळालेले ते पहिले औषध. ही सर्व औषधे नवे हल्ले रोखतात. झिजलेले मायलिन परत घालून देणारे औषध अजून हाती नाही.

मी त्या शिक्षिकाबाईंना नंतर पत्र लिहिले. औषधाने उचली कमी होतात हे पक्के आहे. वीस वर्षांच्या टप्प्यावर, लवकर सुरुवात करणे हिताचे असल्याची चिन्हे आहेत, पण ती तेवढी पक्की नाहीत. चाळीस वर्षांचा हिशेब आज कोणाकडेच नसणार, कारण पहिलेच औषध १९९३ चे. सुचवलेल्या औषधाचे उशिरा दिसणारे धोके कोणते आणि त्यासाठी कोणत्या तपासण्या करायच्या, हे डॉक्टरांना विचारा, असेही लिहिले.

त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले. नणंदेने औषध सुरू केले होते. तिने पुढचा प्रश्न पाठवला होता: हे थांबवायचे कधी? यावर एक अमेरिकन चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. वय ५५ च्या पुढे आणि निदान पाच वर्षे एकही उचल नाही, अशा २५९ रुग्णांचे दोन गट पाडले. औषध चालू ठेवलेल्या १२८ जणांपैकी सहा जणांत नवी उचल किंवा एमआरआयमध्ये नवा वण दिसला. थांबवलेल्या १३१ पैकी सोळा जणांत. म्हणजे थांबवणाऱ्यांपैकीही बहुतेकांना काही झाले नाही, पण धोका थोडा वाढला. ही चाचणीही दोन वर्षांचीच होती, आणि ती पंचावन्नच्या पुढच्यांची. नणंदेला अजून चोवीस वर्षे आहेत. तिच्या वयाच्या माणसाने आपल्या मनाने औषध बंद करू नये, एवढेच मी त्यांना कळवले.